ईआरपीचं 'हिरवं' मोड्यूल विकत घ्यावं, की आहे तेच नीट भरावं? (कुपवाड एमआयडीसी)

विभाग: उद्योग-व्यवसाय › सांगली-सातारा

संध्याकाळची_पाळी | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. कुपवाडला आमची छोटी फौंड्री आहे, तिला लागूनच मशीन शॉप. 'आमची' म्हणजे मालकांची. मी खरेदी आणि बिलिंग बघते. ईआरपी (खरेदी, स्टॉक, बिलं, हिशोब एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर) माझ्या गळ्यात पडलं, कारण ऑफिसात बाकी कोणी ते उघडायला तयार नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या मोठ्या ग्राहकाकडून एक एक्सेल आली. ग्राहक शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे, आम्ही त्यांना पंपाचे आणि गिअरबॉक्सचे भाग देतो. एक्सेलमध्ये प्रत्येक पार्टनंबरसमोर रकाने: किलोमागे वीज, पाणी, कचरा किती, कार्बन किती. खाली ओळ, 'माहिती न दिल्यास पुरवठादार मूल्यांकनात गुण कमी होतील.'

आमचं सॉफ्टवेअर ज्याच्याकडून घेतलंय त्याला फोन केला, तर म्हणाला की सस्टेनेबिलिटीचं वेगळं मोड्यूल आहे, ते घ्या, एका बटणावर रिपोर्ट येईल. किंमत ऐकून मालकांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

सध्या सिस्टिममध्ये माल आवक, जॉबवर्कची चलनं, स्टॉक, बिलं एवढं आहे. हीटची (भट्टीतल्या एका वेळच्या वितळणाची) नोंद फर्नेसवर वहीत होते. महावितरणचं बिल पीडीएफमध्ये येतं, त्यातली फक्त रक्कम मी खर्चात टाकते. डिझेलचं रजिस्टर गेटवर. घातक कचऱ्याची वही स्टोअरमध्ये.

यातून ती एक्सेल भरता येईल का? मोड्यूल लागेलच का? आणि खरं सांगा, याचा कारखान्याला काही उपयोग असतो, की नुसतं ग्राहकाचं मन राखायचं?

निखळ_शंका | रात्री ९:४०

मन राखायचं. पुढचा प्रश्न?

फर्नेसवाला | रात्री १०:२५

शंकासाहेब, दम धरा.

ताई, मोड्यूलचं नंतर बघू. आधी तुमचा कार्बन नेमका कुठे आहे ते बघा, कारण बहुतेक फौंड्र्यांत सगळे विजेच्या बिलाकडेच बघत बसतात.

इंडक्शन फर्नेसला एक टन धातू वितळवायला साधारण ५५० ते ७०० युनिट लागतात. समजा ६००. आपल्या ग्रीडच्या एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी काढतं. म्हणजे टनाला ४२० किलो. आता चार्जशीट (भट्टीत काय किती टाकलं तो कागद) काढा. त्यात ३० टक्के पिग आयर्न (ब्लास्ट फर्नेसमधलं कच्चं लोखंड) असेल, तर टनाला ३०० किलो पिग. ब्लास्ट फर्नेसमध्ये एक टन पिग बनताना दोन टनांच्या घरात कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वितळवायच्या आधीच तुमच्या धातूवर ६०० किलो चढलेत! तुमच्या चिमणीतून ते निघत नाहीत, पण ग्राहकाच्या एक्सेलमध्ये 'खरेदी केलेला माल' या रकान्यात ते येणारच.

पिग कमी करून सीआरसी स्क्रॅप (पत्र्याचं भंगार) वाढवलं आणि सीपीसीने (पेट्रोलियम कोकने) लोखंडातला कार्बन भरून काढला, तर हा आकडा झपाट्याने उतरतो. बहुतेक वेळा खर्चही उतरतो. ग्रेड बसते की नाही हे तुमचा मेटलर्जीवाला सांगेल, ते माझ्यावर ढकलू नका.

ईआरपीचं काम इथे आहे. तुमच्या सिस्टिममध्ये प्रत्येक ग्रेडचं बीओएम (कुठला माल किती लागतो त्याची यादी) असेल. माझी पैज आहे की ते सॉफ्टवेअर बसवलं त्या दिवशी भरलं आणि नंतर कोणी उघडलं नाही. फर्नेसवर मेल्टर रोज वेगळाच चार्ज टाकतो, स्टोअरमधून 'अंदाजे' इश्यू होतो, आणि महिनाअखेरीला स्टॉक जुळवायला एक समायोजनाची नोंद मारली जाते. त्या एका नोंदीत तुमचं सगळं पर्यावरण गडप होतं. हीटची वही सिस्टिममध्ये आणा. हीट नंबर, ग्रेड, पिग किती, स्क्रॅप किती, रिटर्न किती, पॅनलवरच्या मीटरचं सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग. सात-आठ खाने. मोड्यूल-बिड्यूल काही नको.

फर्नेसवाला | रात्री १०:४१

रिजेक्शनचं राहिलं.

यील्ड ६० टक्के धरा, म्हणजे वितळलेल्या धातूतला ४० टक्के रनर-रायझर (साच्यात धातू न्यायच्या वाटांतला भाग) होऊन परत भट्टीत जातो. एक टन कास्टिंग हातात यायला १.६७ टन वितळवावं लागतं, वीज गेली १००० युनिट. त्यात ८ टक्के रिजेक्शन आलं, तर एक टन *चांगल्या* कास्टिंगमागे १०८७. जास्तीचे ८७ युनिट, नऊ रुपयांनी पावणेआठशे रुपये आणि ६० किलो कार्बन. ही फक्त फर्नेसची वीज; वाळू, कोअर, शॉटब्लास्टिंग, मजुरी मोजलीच नाही.

ईआरपीत काय दिसतं? रिजेक्ट कास्टिंग 'रिटर्न' म्हणून स्टॉकला जमा, स्क्रॅपच्या भावाने. हिशोबाला नुकसान थोडंसंच दिसतं, कारण लोखंड परत आलं ना! वीज परत येत नाही, पण ती खर्चाच्या एका ढिगात पडलेली. वीज हीटला बांधली की रिजेक्शनची खरी किंमत दिसते. आमच्याकडे पलूसला हा रिपोर्ट लावला, तेव्हा मालकांनी पर्यावरणाचं नावही काढलं नाही. पॅटर्नशॉपमध्ये जाऊन बसले.

संध्याकाळची_पाळी | रात्री १०:५८

बीओएमबद्दलची पैज जिंकलात. 🙏 मशीन शॉपमध्ये सापडलेलं रिजेक्शन कुठे धरायचं? तिथे पोकळी दिसते, तोवर मशीनिंगही झालेलं असतं.

फर्नेसवाला | रात्री ११:०३

ज्या हीटचं कास्टिंग त्या हीटला. कास्टिंगवर हीट नंबर असतोच. मशीनिंगचा खर्चही त्याच हीटवर चढवा, मग फौंड्री आणि मशीन शॉपची भांडणं आकड्यांवर होतील.

अर्धवट_सीए | मंगळवार, सकाळी ८:१५

ही एक्सेल आली कुठून ते सांगतो.

सेबीने २०२१ मध्ये बीआरएसआर नावाचा अहवाल आणला. बाजारमूल्याने वरच्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा झाला. जुलै २०२३ मध्ये त्यातला गाभा वेगळा काढला, 'बीआरएसआर कोअर': हरितगृह वायू, पाणी, ऊर्जा, कचरा, शिवाय कामगारांची सुरक्षितता वगैरे. त्यात पुरवठादारांची माहितीही आहे. पुरवठादारांचा भाग नंतर पुढे ढकलला आणि वरच्या २५० कंपन्यांना २०२५-२६ साठी ऐच्छिक केला. तोही ज्यांचा वाटा एकूण खरेदीत २ टक्के किंवा जास्त आहे अशांपुरता. तुमच्यासारख्या फौंड्रीवर सेबीचा थेट काहीही कायदा लागू नाही. ग्राहक आपली तयारी म्हणून सगळ्यांनाच एक्सेल वाटतोय.

युरोपला थेट माल जात असेल तर मात्र प्रकरण वेगळं. त्यांचा सीमेवरचा कार्बन कर १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसत्या माहितीपुरता होता, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा झाला. नट-बोल्ट, पाइप फिटिंग त्यात येतात. तुमच्या मालाचा एचएस कोड (सीमाशुल्काचा वर्गीकरण क्रमांक) बघून घ्या. पंपाचे भाग वेगळ्या प्रकरणात मोडतात.

आता गंमत. त्याच बीआरएसआरमध्ये ग्राहकालाही सांगावं लागतं की पुरवठादारांची देणी तो सरासरी किती दिवसांत चुकती करतो. आणि लघुउद्योगांकडून किती टक्के खरेदी केली तेही. ती एक्सेल भरून पाठवताना तुमच्या ईआरपीतला येणे बाकीचा वयवार तक्ताही जोडा. सोबत प्राप्तिकराच्या ४३बी(एच) ची आठवण: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिलं नाही, तर त्या वर्षी त्याची वजावट मिळत नाही.

निखळ_शंका | सकाळी ८:२२

हा या धाग्यावरचा पहिला कामाचा प्रतिसाद.

संध्याकाळची_पाळी | सकाळी ८:३०

येणे बाकी तर तोंडपाठ आहे. 😄 जोडतेच.

वाळव्याचा_गडी | सकाळी ११:०५

फौंड्रीचं आपल्याला काय कळत नाही, पण आमच्या साखर कारखान्यात ईआरपी आलंय त्याचं सांगतो. मी शेतकी विभागात हाय.

पयल्यांदा उसाच्या नोंदी वहीत असायच्या. लागणीची तारीख शेतकरी सांगंल ती, क्षेत्र चिटबॉय लिहील ते. तोडणी कुणाची आधी? तर ज्याचा वशिला. आता नोंद मोबाइलवर प्लॉटवर उभं राहून घ्यावी लागती, जात ८६०३२ का दुसरी, आडसाली का सुरू का खोडवा, समदं. त्यावरनं पक्वतेप्रमाणं तोडणीचा प्रोग्राम लागतो. वशिला अजून हाय, खोटं कशाला बोलू, पण आता त्यो स्क्रीनवर दिसतो. कुणाचा प्लॉट उडी मारून वर गेला ते चेअरमनलाबी दिसतं आन् विरोधकालाबी.

यात पर्यावरण कुठं आलं म्हणाल. ऊस तोडल्यावर चोवीस तासांत गव्हाणीत पडला तर ठीक, पुढं जितका वाळंल तितका साखरेचा उतारा घसरतो. म्हणजे तेवढीच जमीन, तेवढंच पाणी, तेवढंच खत, आन् साखर कमी. शिवाय गाडीतळावर ट्रॅक्टरची रांग. काट्याचं येळापत्रक आन् तोडणीचं येळापत्रक एका जागी आलं तवापासनं रांग आखूड झाली. डिझेल कुणाचं वाचलं? वाहतूकदाराचं. म्हणून त्योच आता विचारतो, आज प्रोग्राम काय लागलाय.

दुसरं. उसात सत्तर टक्के पाणीच असतंय. एक टन ऊस गाळला की सातशे लिटर पाणी उसातनंच येतं. कंडेन्सेट (रस आटवताना निघालेल्या वाफेचं पाणी) नीट वापरलं तर नदीचं पाणी उचलायची गरज लई कमी पडती. पण आमच्याकडं पाण्याचे मीटर प्रदूषण मंडळाच्या ऑनलाइन सिस्टिमला जोडलेले, उसाचं वजन ईआरपीत, आन् लॅबचे आकडे लॅबच्या वहीत. तिन्ही एकमेकांस्नी वळखत नाहीत. टनाला नदीचं पाणी किती लागलं ह्यो साधा आकडा काढायला तीन मानसं एका टेबलाव बसवावी लागत्यात.

जतकर | सकाळी ११:३०

आम्ही म्हैसाळ योजनेच्या पाण्याची वाट बघत आयुष्य काढलं, आणि सातशे लिटर उसातनंच येतं म्हणे. असो. ताई, तुमच्या एक्सेलमधला पाण्याचा रकाना कसा भरणार? एमआयडीसीच्या पाण्याचं बिल येतं, पण बोअरला मीटर आहे का? नसेल तर ईआरपीत कुठलाही आकडा टाका, तो काल्पनिकच.

संध्याकाळची_पाळी | सकाळी ११:४४

बोअरला मीटर नाही. लिहून घेतलं.

कोडकरी | दुपारी १:१०

मी मूळचा कोरेगावचा, आता पुण्यात, ईआरपी बसवायचं काम करतो. म्हणजे मोड्यूल विकणाऱ्यांच्या गटातला. तरीही सांगतो, आत्ता घेऊ नका.

मोठ्या कंपन्यांकडे याची गरज खरी असते. दहा देशांत कारखाने, हजारो पुरवठादार. तिथे एसएपीसारखे लोक पैशाच्या खातेवहीला समांतर कार्बनची खातेवही ठेवतात. प्रत्येक व्यवहाराला जसे रुपये तसे किलो. कल्पना चांगली आहे. पण मुळातला व्यवहारच चुकीचा असेल, तर त्याच्यासमोरचे किलोही चुकीचे, फक्त जास्त दशांशांत.

छोट्या कारखान्याने करायच्या गोष्टी, कशाही क्रमाने:

विजेचं बिल नुसती रक्कम म्हणून टाकू नका. युनिट हे प्रमाण म्हणून टाका, जसं पिग आयर्न टनांत टाकता. डिझेलचंही तसंच, लिटरमध्ये (लिटरमागे २.६८ किलो). एकदा प्रमाण आलं की कार्बन हा नुसता गुणाकार आहे, एक्सेलमध्येसुद्धा होतो. उच्चदाबाचं कनेक्शन असेल तर बिलातले केव्हीएएच आणि केडब्ल्यूएच (म्हणजे नेहमीचे युनिट) दोन्ही टाका. २०२० पासून आकारणी केव्हीएएचवर आहे, पण कार्बन केडब्ल्यूएचवर काढायचा. हे दोन आकडे लोक सर्रास उलटसुलट वापरतात.

बॅच आणि मुदत चालू करा. रेझिन, हार्डनर, पेंट यांना आयुष्य असतं. मुदत संपलेला डबा म्हणजे घातक कचरा: आधी विकत घ्यायचा, मग उचलून न्यायला परत पैसे द्यायचे. 'आधी आलेला आधी जाईल' हा नियम सिस्टिमला पाळायला लावा, स्टोअरकीपरच्या स्मरणशक्तीवर सोडू नका.

वाहतूक. तुमच्याकडे सोनं पडलंय. ई-वे बिलात अंतर सक्तीचं असतं. २०१८ पासूनचं प्रत्येक मोठं डिस्पॅच किती किलोमीटर गेलं ते आहे तुमच्याजवळ. त्याला वजन जोडा, की टन-किलोमीटर तयार. ग्राहकाच्या एक्सेलमधला सगळ्यात अवघड वाटणारा रकाना खरं तर सगळ्यात सोपा आहे.

फर्नेस, कॉम्प्रेसर आणि मशीन शॉप यांना वेगळे मीटर लावा. आरएस-४८५ चं पोर्ट (रीडिंग बाहेर पाठवायची जोडणी) असलेलं मीटर घेतलं तर पुढेमागे रीडिंग थेट सिस्टिममध्ये येईल. कॉम्प्रेसरचं मीटर रविवारी बघा, कारखाना बंद असताना. हवेच्या गळतीमुळे आकडा तरीही फिरत असेल, मजा येईल.

बदल करायचाच असेल तर ईआरपीनेक्स्टसारखं खुलं सॉफ्टवेअरही आहे, मुंबईच्या लोकांनी बनवलेलं. त्यात हवे ते खाने स्वतः जोडता येतात. पण चालू असलेलं उपटून नवं लावू नका. या एका एक्सेलसाठी तर मुळीच नाही.

निखळ_शंका | दुपारी २:३५

सगळं छान. आता माझं ऐका. बसवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी 'ईआरपीमुळे कागद वाचतो' म्हणून हिरवं पान छापायचं, आणि कारखान्यात प्रत्येक चलनाच्या तीन प्रती निघतातच. दुसरं म्हणजे टनामागे वीज वाचली की मालक तेवढ्याच विजेत जास्त टन काढतो. टनामागचा आकडा खाली, एकूण बिल वर. कृष्णेला 'टनामागे' कळत नाही. तिला एकूणच कळतं. तिसरं, हे आकडे भरणारे कोण? ज्यांना ते कमी दाखवायचे आहेत तेच.

अर्धवट_सीए | दुपारी ३:०५

दुसरा मुद्दा शंभर टक्के बरोबर. म्हणून अहवालात एकूण आणि तीव्रता (एककामागचा आकडा) दोन्ही विचारतात. लोक मात्र तीव्रतेचाच आलेख छापतात, कारण तो खाली जातो.

तिसऱ्यावर एक. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे, ती बंद करता येत नाही. तो नियम पैशाच्या हिशोबासाठी आहे, युनिट आणि लिटरसाठी नाही. पण विजेचे युनिट त्याच खरेदी व्हाउचरवर बसवले, तर ते आपोआप त्या कुंपणात येतात. वेगळ्या एक्सेलमध्ये ठेवलेला आकडा रात्रीतून बदलता येतो. व्हाउचरवरचा बदलला तर कोणी आणि कधी ते दिसतं. मोड्यूलपेक्षा हे मोलाचं.

कोडकरी | दुपारी ३:२०

+१. आणि कागदाबद्दल शंकासाहेबांशी सहमत. तो मुद्दा आमच्या धंद्याने सोडून द्यावा.

तासगावचा_बागायतदार | संध्याकाळी ६:५०

तुम्ही कारखानेवाले आत्ता जागे झालात. आम्ही द्राक्षवाले या हिशोबात केव्हाच बसलो. अपेडाचं (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) ग्रेपनेट २००६ पासून आहे. निर्यातीचा प्लॉट कृषी खात्याकडे नोंदवायचा, कुठलं औषध कधी मारलं ते लिहायचं, त्या प्लॉटचा नमुना लॅबला जातो, आणि युरोपात पेटी उघडली तर नंबरवरून माझ्या बागेपर्यंत माग निघतो.

तरी २०१० ला क्लोरमेक्वाटचे अंश सापडले आणि माल अडकला. ते वाढरोधक आपल्याकडे सर्रास वापरात होतं, तपासणीच्या यादीत मात्र नव्हतं. सिस्टिमला जे विचारलंच नाही ते ती सांगणार नाही. ताईंच्या एक्सेलमध्ये ग्राहकाने जे विचारलं नाही, तिकडेही एक नजर असू द्या.

फायदा म्हणाल तर औषधांचा खर्च डोळ्यांसमोर आला. लिहायचं म्हटल्यावर माणूस विचार करून मारतो. शेजाऱ्याने मारलं म्हणून मी मारलं हे वहीत कसं लिहिणार?

फर्नेसवाला | संध्याकाळी ७:१५

ताई, खरंच: वापरलेल्या वाळूचा रकाना आहे का त्या एक्सेलमध्ये? फौंड्रीतून वजनाने सगळ्यात जास्त बाहेर पडते ती वाळू, आणि बहुतेक ठिकाणी तिची एकही नोंद नसते. ट्रॉली भरून जाते, कुठेतरी खड्डा बुजतो.

संध्याकाळची_पाळी | संध्याकाळी ७:२८

नाही हो. 'घातक कचरा' आणि 'भंगार विक्री' एवढंच आहे. वाळू दोन्हीत बसत नाही. आमच्याकडे ती सिस्टिममध्ये येते, जात नाही. 😐

वाळव्याचा_गडी | रात्री ८:१०

जात नाही म्हणजे आयटमच उघडलेला नसंल. आमच्याकडं राखेचं असंच होतं. डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोलमागं आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश (मळीचं सांडपाणी) निघतं. ते आटवून बॉयलरात जाळलं की राख उरती. ती आधी कचरा म्हणून लिहायचो, ट्रकभाडं आपलंच. त्या राखेत पोटॅश असतंय. २०२१ साली सरकारनं मळीपासनं मिळणारं पोटॅश खताच्या अनुदानात घेतलं, साडेचौदा टक्के पोटॅश धरून. मग कुणीतरी सिस्टिममध्ये राखेचा आयटम कोड काढला, उपपदार्थ म्हणून. कोड निघाल्यावर वजन व्हायला लागलं, वजन झाल्यावर हिशोब निघाला, हिशोब निघाल्यावर संचालकांनी विचारायला सुरुवात केली. आधी कुणी ढुंकून बघत नव्हतं.

तुमीबी वाळूचा कोड काढा. किंमत शून्य टाका, पण काट्यावरनं जाऊ द्या.

फर्नेसवाला | रात्री ८:१६

गडी, हे मी उद्याच आमच्याकडे करतो.

वखारभाग | रात्री ९:००

हळदीच्या धंद्यातला आहे, ईआरपी वगैरे नाही, साधं हिशोबाचं सॉफ्टवेअर. एकच सांगतो. २०१९ च्या महापुरात गणपती पेठेत, वखारभागात किती जणांच्या वह्या गेल्या विचारा. गोदामातला माल गेला, आणि किती माल होता याचा पुरावाही त्याच पाण्यात गेला. विम्याला काय दाखवणार? ज्यांचा स्टॉक बाहेरच्या सर्व्हरवर होता त्यांचे दावे लवकर सुटले. टिकाऊपणा म्हणतात त्यात हेही धरा. तुमचं कुपवाड उंचावर आहे, तरी बॅकअप त्याच इमारतीत ठेवू नका.

अर्धवट_सीए | रात्री ९:३५

ताई, प्रदूषण मंडळाला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र देता ना, फॉर्म पाच? त्यात काय असतं बघा. उत्पादनाच्या एककामागे पाणी किती, कच्चा माल किती, मागचं वर्ष आणि चालू वर्ष शेजारीशेजारी. नव्वदच्या दशकापासून विचारतायत. ग्राहकाच्या एक्सेलमधला निम्मा भाग तुम्ही आधीच सरकारला लिहून दिलाय. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनला जातं, त्यात उरलेल्यातलं बरंच.

एक धोकाही आहे. हे फॉर्म सहसा कन्सल्टंट भरतो, गेल्या वर्षीच्या आकड्यांत थोडा फरक करून. आता ग्राहकाला ईआरपीतले खरे आकडे गेले आणि मंडळाकडे कन्सल्टंटचे, तर दोन कागद एकमेकांविरुद्ध साक्ष देतील. पाठवायच्या आधी दोन्ही समोरासमोर ठेवा.

संध्याकाळची_पाळी | रात्री ९:५०

अरे देवा. फॉर्म पाच कन्सल्टंटच भरतात. उद्या फाईल काढते.

मालकांशी आज बोलले. मोड्यूल नाही घ्यायचं. फर्नेस आणि कॉम्प्रेसरला मीटर मंजूर, बोअरच्या मीटरचं 'बघू'. हीटची नोंद सिस्टिममध्ये घ्यायला मेल्टर कुरकुरतोय. त्याचं म्हणणं हात काळे, कीबोर्ड पांढरा. यावर काय करता?

फर्नेसवाला | रात्री १०:०२

त्याला टाइप करायला लावू नका. त्याने वहीतच लिहावं, पण छापील तक्त्यात, आणि पाळी संपताना सुपरवायझरने भरावं. मीटरच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढून हीट नंबरला जोडायचा. आठवड्याने त्यालाच त्याचा 'टनामागे युनिट'चा आकडा दाखवा, दुसऱ्या पाळीच्या शेजारी. झाकण उघडं ठेवून गप्पा मारल्या की आकडा चढतो हे मेल्टरला आपल्यापेक्षा जास्त कळतं. महिन्याभरात तोच विचारायला येईल की समोरच्या पाळीचा किती आला.

कोडकरी | रात्री १०:१०

फक्त बक्षीस-दंड लगेच जोडू नका. पैसे जोडले की आकडे सुधारतात, भट्टी नाही.

निखळ_शंका | रात्री १०:१८

कोडकरींनी माझी ओळ चोरली.

पठारावरचा_वारा | बुधवार, सकाळी ७:४५

उशिरा आलो. साताऱ्याकडचा आहे, चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीत होतो. या धाग्यात विजेला सरसकट ०.७ धरलंय. तुमच्या मालकांचा पवनचक्कीत किंवा सोलरमध्ये समूह कॅप्टिव्हचा (अनेकांनी मिळून स्वतःच्या वापरासाठी काढलेल्या वीजप्रकल्पाचा) हिस्सा आहे का? सांगली-साताऱ्यातल्या बऱ्याच कारखान्यांचा असतो. असेल तर बिलात त्या युनिटांची वजावट वेगळ्या ओळीत दिसते.

संध्याकाळची_पाळी | सकाळी ९:२०

हो! तशी एक ओळ असते बिलात. मला वाटायचं काहीतरी सवलत आहे. मग ते युनिट शून्य धरायचे का?

पठारावरचा_वारा | सकाळी ९:५५

दोन आकडे द्या. एक ग्रीडच्या सरासरीने सगळ्या युनिटांचा, दुसरा पवनचक्कीचे युनिट वजा करून. आंतरराष्ट्रीय पद्धतीत दोन्ही दाखवायची सोय आहे, कुठला कुठला ते स्पष्ट लिहा म्हणजे झालं. शून्य धरण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, त्या पवनचक्कीची अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रं कोणी बाजारात विकलेली नाहीत ना. विकली असतील तर तो हिरवेपणा दुसऱ्याचा झाला, तुम्ही सांगू शकत नाही. दोन, कॅप्टिव्हचा दर्जा टिकलाय का: वापरणाऱ्यांचा मिळून २६ टक्के भाग आणि वर्षाच्या निर्मितीतला किमान ५१ टक्के वापर. तो नाही टिकला तर वीज हिरवीच राहते, पण अधिभार बसतो आणि मग मालक 'बघू' म्हणतात.

ईआरपीत विजेचे दोन आयटम करा: 'वीज-महावितरण' आणि 'वीज-पवन', दोन्ही युनिटमध्ये. वारा पावसाळ्यात जोरात, मग डिसेंबरपर्यंत पडतो. त्यामुळे तुमचा महिन्याचा कार्बन वरखाली होईल. ग्राहकाने विचारलं तर घाबरू नका, वर्षाचा आकडा द्या. आणि त्या ओळीचे युनिट कुठल्या महिन्याच्या निर्मितीचे आहेत ते बिलावर बघून घ्या, कधीकधी मागच्या महिन्याचे असतात.